घरची बाई

कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला तेव्हा ती एका काळ्या कोटाच्या कोपराला रफू करत होती, आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की आज हे लवकर आले. मग आठवलं की हे जाऊन बरीच वर्षं झाली. सुई कापडात तशीच राहिली. या दाराची एक किल्ली तिच्या पर्समध्ये होती आणि दुसरी धाकट्या बहिणीकडे. पण धाकटीला किल्ली वापरायचं कधी सुचत नसे, ती जिन्यातूनच हाका मारत यायची. शिवाय हे दार ओल्या हवेत फुगायचं. उघडताना मूठ धरून जरा वर उचलावं लागायचं, नाहीतर ते अडायचं, आणि नवा माणूस हमखास अडायचा. आज धुक्याने सगळ्या इमारतीची लाकडं फुगली होती. तरीही दार अडलं नाही. कोणीतरी ते सवयीने वर उचललं, आत ढकललं, आणि एक म्हातारा घरात आला.

त्याच्या अंगात राखाडी कोट होता, भुवयांवर धुक्याचं पाणी होतं. त्याने दार लावून घेतलं. टोपी काढली आणि न बघता दारामागच्या खिळ्याला अडकवली. तो खिळा इतक्या खाली होता की ह्यांना कधी आवडला नव्हता, पण उपटायचा राहूनच गेला होता. म्हाताऱ्याच्या उंचीला तो बरोबर होता. मग त्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. खोलीत पाऊल न टाकता तो पुन्हा दाराकडे तोंड करून उभा राहिला, हात मागे बांधून, मान ताठ. जणू खोलीच कुठेतरी जाऊन थांबणार होती आणि मग त्याला दार उघडायचं होतं. तीही श्वास रोखून थांबली. थोड्या वेळाने खोली त्याच्या मनातल्या ठिकाणी पोचली असावी, कारण खांदे सैल सोडून तो वळला आणि म्हणाला, “अगं, चहा टाक. फार गारठलो आज.”

ओरडायला हवं होतं, हे तिला कळत होतं. खालच्या मजल्यावर माणसं होती, भिंतीवर नुसता हात आपटला असता तरी कोणी धावून आलं असतं. पण तो ‘अगं’ तिच्या अंगावरून असा गेला की तिला आधी त्याचाच विचार करावा लागला. लोक तिला मावशी म्हणत, काकू म्हणत, दुकानातून कपडे आणून देणारा रफूवाल्या बाई म्हणे, बहीण ताई म्हणे. नुसतं ‘अगं’, मागेपुढे काही न जोडता, पाठ वळवून आणि उत्तराची खात्री धरून, असं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. ती उठली. स्वैपाकघरात गेली आणि पाणी मोजून ठेवताना तिच्या लक्षात आलं की आपण दोघांचं ठेवलंय.

बाहेर धुकं होतं. बरेच दिवस ते हललंच नव्हतं. सकाळी उठून पडदा सारावा तर काचेला कोणी पांढरा कागद चिकटवून गेलंय असं वाटायचं. रोज सकाळी धाकटीचा फोन यायचा आणि दोघी आपापल्या खिडकीतलं सांगायच्या. “तुझ्याकडे काय?” धाकटी विचारायची. “समोरची इमारत गेली.” “माझ्याकडे झाड आहे. अर्धं. वरचं अर्धं.” “खालचं कुणी नेलं?” असं काहीबाही बोलून झालं की गुडघ्यांची चौकशी व्हायची, आणि मग तो बेत निघायचा. शहरातल्या मोठ्या बागेत एक काचघर होतं. उष्ण देशातली झाडं तिथे ठेवलेली, आत कायम ऊब, म्हाताऱ्यांना अर्ध्या दरात तिकीट. ऊन पडलं की थर्मास घेऊन तिथे जायचं आणि मोठ्या पानांखालच्या बाकावर बसून राहायचं, एवढाच बेत. त्यात मोडण्यासारखं काहीच नव्हतं, पण ऊन पडत नव्हतं. फोन ठेवता ठेवता धाकटी दुसराही बेत काढायची: ताईने हे घर सोडून तिच्याकडे राहायला यावं. “एकटी भुतासारखी काय राहतेस तिथे,” असं ती म्हणायची आणि ताई हसून म्हणायची, “बघू उन्हाळ्यात.”

म्हातारा चहा प्यायला. पिताना दोन्ही हातांनी कप धरला होता. “आज वरच्या मजल्यांवर काही दिसत नव्हतं,” तो म्हणाला. “साहेबलोक आले तसे नेले वर. दार उघडलं की बाहेर नुसतं पांढरं. गेले आपले त्यात एकेक करून, टोप्या सावरत.”

“मग?” तिने विचारलं. विचारल्याशिवाय राहवलं नाही.

“मग काय. मी खाली आलो. दिवसभर वाट पाहिली. खाली यायला कुणी घंटीच वाजवली नाही.”

हा लिफ्ट चालवणारा होता तर. दाराकडे तोंड करून का उभा राहिला ते तिला उमगलं, आणि उमगल्यामुळे भीती कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढली. त्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला तेव्हा सवयीने तिची नजर कॉलरच्या आत गेली. तिथे पांढऱ्या फितीची एक पट्टी शिवलेली होती, अगदी अडाणी टाक्यांनी, आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने फोन नंबर. हरवणाऱ्या माणसांच्या कपड्यांना घरचे लोक असं शिवतात. तिने नंबर फिरवला. पलीकडे एका बाईचा आवाज होता. पत्ता त्या बाईने दोनदा विचारून घेतला, मग म्हणाली, “आले मी. त्यांना बसवून ठेवा. आणि मावशी, ते काही म्हणाले तर खोडून काढू नका हं.”

त्याची मुलगी पन्नाशीची होती. दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि तशीच निघून आली होती. तिच्या अंगाला लवंगेच्या तेलाचा वास येत होता. तिने हात जोडून माफी मागितली. आम्ही पूर्वी इथेच राहायचो, तिने सांगितलं. याच घरात. आई गेल्यावर बाबांना इथे करमेना म्हणून सोडलं. किल्ली त्यांच्याकडे राहिली हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. एवढी वर्षं बरे होते, आता वर्षभरापासून असं व्हायला लागलंय. “तुम्ही कुलूप नव्हतं बदललंत?”

“चांगलं होतं ते,” ती म्हणाली. हे तेव्हा असंच म्हणाले होते. हे टाइपरायटर दुरुस्त करायचे. चालणारी वस्तू बदलायची म्हटलं की त्यांना अपमान झाल्यासारखं वाटायचं.

मुलगी बापाला कोट घालत घालत इकडेतिकडे बघत होती. बघता बघता तिचा हात थांबला. “तुम्ही शिवायला इथेच बसता? या खिडकीशी?”

“उजेड इथेच येतो.”

“हो ना. आईपण इथेच बसायची.” एवढं बोलून तिने बापाची बटणं लावली. म्हातारा निमूटपणे लहान मुलासारखी हनुवटी वर करून उभा होता. जाताना त्याने रफूबाईकडे पाहिलं आणि म्हणाला, “दूध खिडकीत ठेव गं. नासेल नाहीतर.” दूध खिडकीतच होतं. ती रोजच ठेवायची. हिवाळ्यात फ्रीज बंद ठेवायचा आणि दूध खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायचं, ही तिची काटकसर होती असं ती आजवर समजत होती.

दुसऱ्या दिवशी धाकटीला सांगितलं तेव्हा धाकटी म्हणाली, “आजच्या आज कुलूप बदल. माणूस साधा असेल, पण किल्ली साधी नसते.” ताई गेलीही. कोपऱ्यावर किल्ल्या करणाऱ्याचं दुकान होतं, धुक्यात त्याचा दिवाच तेवढा दिसत होता. “किल्ली हरवली का?” त्याने विचारलं. नाही म्हणाली. “मोडलं कुलूप? अडकतंय?” नाही. “मग बदलायचं कशाला, मावशी? जुनी कुलपं आता मिळत नाहीत.” एका माणसाला त्याच्या घरात येता येऊ नये म्हणून, असं काहीतरी तिच्या ओठावर आलं, आणि ‘त्याच्या’ हा शब्द ऐकून ती स्वतःच दचकली. “बघते,” म्हणून ती परत आली. घराशी आल्यावर तिने दार मूठ धरून जरा वर उचललं आणि ढकललं, आणि उंबऱ्यात थांबून विचार करत राहिली की हे उचलणं आपल्याला कोणी शिकवलं होतं.

ज्या दिवशी हे घर पहिल्यांदा पाहिलं तो दिवस तिला चांगला आठवत होता. उन्हाळ्यातली दुपार होती, सगळं सामान हलवलेलं होतं, आणि भिंतींवर सामानाच्या जागी फिकट आकार उरले होते. कपाटाचा एक, पलंगाचा एक, आणि खिडकीपाशी खुर्चीच्या पाठीचा एक, वरून गोलसर. ह्यांनी ती जागा पाहिली आणि म्हणाले, “बघ, तुझी बसायची जागा तयार आहे.” तिला त्या वेळी ते फार गोड वाटलं होतं. तिची खुर्ची आणून तिथे ठेवली तेव्हा फिकट आकार तिच्यामागे पुरता झाकला गेला, ती बसली, आणि त्यानंतर ती जागा कधी बदलायची वेळच आली नाही. भिंतींना किती वेळा रंग दिला, खुर्चीचा वेत किती वेळा विणून घेतला. मजघरातून स्वैपाकघरात जाताना मधे एक अरुंद बोळ होता, तिथून जाताना ती डाव्या हाताची बोटं भिंतीवरून फिरवत जायची. रंग दिला की काही महिन्यांत तिथे पुन्हा मळकट पट्टा उमटायचा आणि हे चिडायचे. “तुला काय दिसत नाही का, चाचपडत जातेस ती?” दिसायचं की. तरुण होती तेव्हा, सुईत दोरा बघायच्या आत ओवायची. पण हात जायचा.

म्हातारा पुन्हा आला. मग आणखी एकदा. धुकं असलं की यायचा, आणि धुकं रोजच होतं. मुलीने किल्ली काढून घ्यायचा प्रयत्न केला होता, पण त्याने मूठ अशी आवळली की बोटं मोडतील अशी भीती वाटली. “मावशी, तुम्हाला त्रास होत असेल तर स्पष्ट सांगा,” ती म्हणाली. “मी दुसरी काही सोय बघते.” रफूबाई म्हणाली की त्रास कसला, चहाच तर पितात. आणि फोन करायला ती दर वेळी थोडा उशीर करू लागली. आधी चहा होऊ दे. मग कप विसळून होऊ दे. तो बोलायचा ते कामावरचं असायचं: लिफ्टमध्ये शिरल्यावर माणसं कशी एकदम खाली बघायला लागतात, नवरा-बायको भांडत आले तरी दार बंद झालं की कशी गप्प होतात. ती ऐकताना रफू करत राहायची. त्यांच्यात कुणी कुणाला काही पटवायला जात नव्हतं. ह्यांच्याशी शेवटच्या वर्षांत असं बोलणं झालं नव्हतं, हे तिला जाणवायचं आणि तिला लाज वाटायची. मग वाटायचं, यात लाज कसली, हा माणूस माझ्याशी बोलतच नाहीये, आपल्या बायकोशी बोलतोय.

मुलगी एकदा लवकर आली आणि बापाचा चहा संपेपर्यंत बसली. तिने बोळाकडे बघून सहज म्हटलं, “अय्या, अजून आहे तो पट्टा. आईला शेवटी दिसायचं कमी. भिंत धरून जायची.”

“तो माझ्या हाताचा आहे,” रफूबाई म्हणाली.

मुलीला ते ऐकू गेलं नाही. “काय म्हणालात? किती हळू बोलता हो तुम्ही. आईची आठवण झाली. छातीचं दुखणं होतं तिला, मोठ्याने बोललं की धाप लागायची. घरात सगळेच मग हळू बोलायला लागलो.”

दुसऱ्या सकाळी धाकटीचा फोन आला तेव्हा रफूबाईने अर्धं झाड, समोरची इमारत वगैरे काही न सांगता विचारलं, “मी पहिल्यापासून हळूच बोलायचे का गं?”

धाकटी हसली. “तू? आई म्हणायची हिच्या घशात भोंगा बसवलाय. गल्लीच्या टोकाला असलीस तरी कळायचं जेवायला येतेयस ते. लग्न झालं आणि गप्प झालीस. आम्हाला वाटलं, भावजींना आवडत नसेल.”

भावजींना आवडायचं. तेच एकदा म्हणाले होते, या घरात आल्यापासून तुझा आवाज बसला. फोन ठेवून ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्याने बोलून बघितलं. “आज धुकं आहे,” ती म्हणाली. तो आवाज भिंतींना लागून परत आला आणि तिला असं वाटलं की दुसरंच कोणीतरी, जरा आगाऊ, बिनबोलावता घरात शिरलंय. तिने पुन्हा प्रयत्न केला नाही. त्या दिवशी तिने खुर्ची उचलून दुसऱ्या भिंतीशी नेली. तिथे उजेड नव्हता, टाका चुकत होता. बोळातून हात पाठीमागे बांधून गेली तेव्हा सपाट जमिनीवर तिचा तोल जायला लागला. दूध आत ठेवलं ते संध्याकाळपर्यंत नासलं. रात्र व्हायच्या आत तिने खुर्ची जागेवर आणून ठेवली, आणि बसल्यावर पाठीला जे बरं वाटलं त्याचीच तिला धास्ती बसली. एका माणसाची झीज दुसऱ्याला बरोबर बसावी, असं कोटाच्या बाबतीत तिने पाहिलं होतं. जुन्या बाजारातून घेतलेला कोट येतो, कोपर मेलेल्याचं असतं, आणि घालणारा म्हणतो, अगदी माझ्यासाठी शिवल्यासारखा आहे. ती असे कितीतरी कोट रफू करून देत आली होती. घालणाऱ्याला ती कधी काही बोलली नव्हती.

मग ऊन पडलं. एका सकाळी पडदा सारला तर समोरची इमारत परत आली होती, ओली, खिडक्यांत रजया वाळत घातलेल्या. धाकटीचा फोन नेहमीपेक्षा लवकर आला. “झाड पूर्ण आहे,” ती म्हणाली. “दुपारी काचघराच्या फाटकाशी ये. थर्मास मी आणते, तुझा चहा फार पातळ असतो. आणि ताई, येताना ठरवून ये. माझ्याकडे यायचं ते. उन्हाळा बिन्हाळा काही नाही.” ती हो म्हणाली. खरंच ठरवलं तिने. दुपारी जेवण उरकून तिने बाहेरचे कपडे घातले, शाल घेतली, पर्स काखेत धरली. घर एकदा बघून घेतलं. सगळ्यावर ऊन पडलं होतं आणि त्यात घर चारचौघांच्या घरांसारखं दिसत होतं. तिला बरं वाटलं, थोडं हसूही आलं. ती दाराकडे निघाली तेवढ्यात किल्ली फिरली.

म्हाताऱ्याने टोपी अडकवली. दाराकडे तोंड करून उभा राहिला. मग वळला, आणि तिला पाहून एकदम अवघडला. आज त्याचे डोळे स्वच्छ होते. “माफ करा,” तो म्हणाला. “आपण?”

शाल, पर्स, पायांत चपला, दाराजवळ उभी. ती त्या घरात जशी दिसत होती त्याला पाहुणी याशिवाय दुसरं नाव नव्हतं.

“तिच्याकडे आलात होय?” तो म्हणाला. “बाहेर गेलेली दिसतेय. उभ्या का? बसा ना.” त्याने दाराशेजारची खुर्ची पुढे ओढून दिली. आल्यागेल्यासाठीच ती खुर्ची होती. इतक्या वर्षांत ती स्वतः त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. ती टोकावर बसली. पर्स मांडीवर ठेवली. तिथून खोली वेगळीच दिसत होती. खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर अर्धवट रफू केलेलं काहीतरी, सुई चमकत होती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं.

“येईल एवढ्यात,” तो समोर बसत म्हणाला. “दूध आणायला गेली असेल. हळू चालते ती. पण येते.” थोडा वेळ तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला. मग पाहुण्यांशी काही बोलावं म्हणून बोलल्यासारखा म्हणाला, “एकटी असते दिवसभर. तसं तिला सोबत आहे म्हणा.”

“कुणाची?”

त्याने आवाज उतरवला. “कुणाला सांगू नका. तिला दिसते एक बाई. घरात वावरते म्हणते. त्रास काही नाही तिचा. त्या खिडकीशी बसून शिवत असते, बोळातून ये-जा करते. मला नाही कधी दिसली. मी म्हटलं, तुला ताप आहे. तर म्हणाली, असू दे, पण तिला हाकलू नका.”

उन्हाचा पट्टा जमिनीवरून त्याच्या बुटांपर्यंत आला होता. तिने स्वतःचे हात पाहिले. सुईच्या टोचण्यांनी बोटाचं टोक खरखरीत झालेलं, ते तिने दुसऱ्या हाताच्या मुठीत घेतलं. हा मलाच रोज बघतो, ती मनाशी म्हणाली, आणि विसरतो, आणि त्याचं असं कडबोळं करतो. एवढं साधं आहे. तिने उठून फोन केला आणि मुलीला बोलावलं, आणि परत येऊन बसली ती त्याच खुर्चीवर बसली.

मुलगी आली, दमलेली. “उन्हातही निघाले आज. मला वाटलं होतं धुक्याचंच काहीतरी आहे.” बापाला उठवताना ती पुटपुटत होती. रफूबाईने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि विचारलं, “तुमच्या आईला घरात कोणी दिसायचं का?”

मुलगी वळली. “बाबा बोलले?” मग कोटाची बाही नीट करत म्हणाली, “शेवटी शेवटी. अंथरुणातून खिडकीकडे बघत राहायची. एक बाई सुई घेऊन बसलीय म्हणायची. आम्ही मनावर घेतलं नाही.”

“घाबरायच्या का?”

“छे. तिला बरं वाटायचं. म्हणायची, मी गेले तरी घर उघडं पडणार नाही. ती आहे.” मुलीचे डोळे भरले आणि तिने ते चटकन पुसले. “कशाला आठवण काढलीत, मावशी. चला बाबा.”

म्हाताऱ्याने टोपी घातली. दारातून तो मागे वळून अदबीने म्हणाला, “तुम्ही बसा. भेटल्याशिवाय जाऊ नका. ती विचारत असते तुम्हाला.”

जिन्यातली पावलं खाली जाईपर्यंत ती ऐकत होती. मग घर शांत झालं. निघायला उशीर झाला होता, धाकटी फाटकाशी उभी असेल, चिडली असेल. हे सगळं तिला स्पष्ट समजत होतं. उठायचं, दार ओढून घ्यायचं, जिना उतरायचा. पण घरात कोणी नसताना, घरच्या बाईला न सांगता उठून कसं जायचं? आणि जी बाई आपल्याला ओळखते, मरताना जिने आपल्या भरवशावर घर सोडलं, तिची एकदा भेट नको घ्यायला? तिने शाल नीट केली. काय बोलायचं ते ती मनात जुळवू लागली. घर सांभाळलं म्हणावं. दूध खिडकीतच ठेवत आले. तुमच्या जागेवर बसले, तेव्हा कल्पना नव्हती, राग मानू नका. आता मी बहिणीकडे जाते आहे. तेवढं सांगायला थांबले. ऊन खुर्चीवरून भिंतीवर चढलं, तिथून छताकडे गेलं आणि विझत आलं. दिवा लावावासा वाटला, पण दुसऱ्याच्या घरातला दिवा आपण होऊन लावणं तिला प्रशस्त वाटेना.

जिन्यात धाकटीचा आवाज आला. ती खालपासून बोलत येत होती, ताई, अगं ताई, दोन तास उभी केलीस मला, चहा गार झाला, काळजीने जीव गेला माझा. दार म्हाताऱ्याच्या मुलीने नुसतं लोटलं होतं. धाकटीने ढकललं, ते अडलं, तिने खांदा लावला आणि ती आत आली, थर्मास काखेत, श्वास लागलेला. “अंधारात काय बसलीयेस? आणि तयार होऊन? काय झालंय?”

“काही नाही. हळू बोल जरा,” ती म्हणाली. “त्या अजून आल्या नाहीत. न भेटता कशी निघू?”

“कोण त्या?”

तिला नाव माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत विचारायचंच राहिलं. “घरच्या बाई,” ती म्हणाली.

धाकटी ताईकडे बघत राहिली, मग तिच्या नजरेच्या मागोमाग खिडकीकडे बघितलं, मग बोळाकडे. थर्मास तिने जमिनीवर ठेवला तो आवाज न करता ठेवला. दुसरी खुर्ची ताईच्या शेजारी ओढली, तीही उचलून, आणि तिच्या टोकावर बसली. पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली. बराच वेळ दोघी तशाच दाराकडे बघत बसल्या. शेवटी धाकटी ताईच्या कानाशी झुकली.

“किती वेळ लागेल गं त्यांना?” तिने अगदी हळू विचारलं.